दरबारखर्च, अंतस्थ आणि 'प्रेझेंट्स' : भेटीच्या हिशेबी नोंदीचा इतिहास

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकून घेतलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल १८१९ साली गव्हर्नर जनरलला सादर केला. त्या अहवालात मामलेदारांच्या प्राप्तीचे मार्ग सांगताना त्याने दोन मराठी संज्ञा इंग्रजी मजकुरात जशाच्या तशा ठेवल्या आहेत : 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ'. त्याच्या विवेचनाचा आशय असा, की मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यावयाच्या रकमा म्हणून ही बाब सुरू झाली. कालांतराने त्या रकमा ठरून गेल्या आणि अन्य खर्चाप्रमाणे त्यांचीही रीतसर तपासणी होऊ लागली. परंतु लाचेची गरज काही संपली नव्हती. म्हणून तिच्यासाठी रयतेकडून आणखी एक वाढीव वसुली होऊ लागली. अशा नाजूक व्यवहारांत तपासनीस फारसे खोलात शिरत नसल्यामुळे मामलेदार आपल्या पाठीराख्यांसाठी जेवढे गोळा करी त्याहून पुष्कळ अधिक स्वतःसाठी करी.

उत्तर पेशवाईच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून या मजकुराचा वारंवार आधार घेतला गेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मक्तेदारी पद्धतीविषयी जे अन्य पुरावे उपलब्ध आहेत ते पाहता हा आधार घेण्यात काही गैर आहे असे नाही. परंतु या मजकुरात आणखी एक गोष्ट सांगितली गेली आहे, जिच्याकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. भेट ही हिशेबात उतरली की ती भेट राहत नाही, तिचे देणे बनते. आणि तिने रिकामी केलेली जागा भरण्यासाठी तिच्या मागे दुसरी, न लिहिलेली भेट येऊन उभी राहते. गुप्त रकमेला 'अंतस्थ' असे नाव देऊन ती कीर्दीत लिहिणे हा वरकरणी वदतोव्याघात आहे. 'अंतस्थ' म्हणजे आत असलेले, झाकलेले. आणि कीर्द तर तपासणाऱ्यापुढे उघडी करायची वही. तरीही मराठी कारकुनाने हा शब्द सदर म्हणून स्वीकारला. हा शब्द वहीत कसा आला आणि ज्यांच्या वहीत तो नव्हता त्यांच्याशी तुलना करता त्याचा अर्थ काय होतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मराठी हिशेबलेखनाची परंपरा स्वतःविषयी पुरेशी जागरूक होती. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेली मेस्तके ही पत्रे आणि हिशेब कसे लिहावेत हे सांगणारी वाङ्मयप्रकारात्मक ओळख असलेली लेखने आहेत. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद ही तिची अंगे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात चालू कामकाजाचे 'चालते दफ्तर' आणि सगळे हिशेब एकत्र करून त्यांचे गोषवारे करणारे 'एकबेरीज' असे विभाग होते. मामलेदाराला वर्षारंभी जमाखर्चाचा मंजूर अंदाज म्हणजे 'बेहेडा' मिळे आणि वर्षअखेरीस त्याच्याशी ताडून हिशेब द्यावा लागे. अशा व्यवस्थेत प्रत्येक रुपयाला एक सदर लागते. ज्या रुपयाला सदर नाही तो रुपया कारकुनाच्या दृष्टीने चोरलेला असतो. म्हणजे मामलेदाराने दरबारात दिलेल्या रकमा लपवल्या असत्या तर तो अपहार ठरला असता. लिहिल्यामुळे तो खर्च झाला. 'दरबारखर्च' हे सदर प्रामाणिकपणातून जितके जन्मले तितकेच ते हिशेबाच्या शिस्तीच्या दडपणातून जन्मले, हे ध्यानात घ्यावे लागते.

हे सदर एकटेही नव्हते. गावपातळीवर 'सादिलवार' या नावाने देवस्थान, दानधर्म, आल्यागेल्याचा सत्कार आणि अधिकाऱ्यांना द्यावयाच्या भेटी यांचा खर्च गावावर बसवला जाई. 'फडफर्माईश' या नावाने वेळोवेळी वस्तुरूपाने मागण्या होत. सरंजाम किंवा वतन वारसाकडे जाताना, दत्तक मंजूर करताना सरकारला द्यावयाची 'नजर' हीही जमेची ठरीव बाब झाली होती. धन्यासमोर हात रिकामा नसावा या भावनेतून जे हातरुमालावर ठेवून पुढे करायचे, ते आता आकारणीने वसूल केले जात होते. शब्द तोच राहिला. वहीतील त्याची बाजू तेवढी ठरून गेली.

मार्सेल मोस याच्या १९२५ च्या दानविषयक निबंधापासून तौलनिक अभ्यासात भेट आणि परतभेट यांच्या बंधनकारकतेची चर्चा रूढ आहे. जाक देरिदा याने १९९१ मध्ये तिला टोकाला नेऊन असे मांडले, की भेट ही भेट म्हणून ओळखली गेली, तिची गणना झाली, की तिचे भेटपण संपते. मराठी समाजव्यवहाराच्या दृष्टीने या मांडणीत एक अडचण आहे. लग्नघरात अहेर लिहून घेण्याची पद्धत आहे. कोणी काय दिले याची यादी करायची आणि त्यांच्या घरच्या कार्यात तोलामोलाचा अहेर करायचा, असा तो व्यवहार. येथे नोंद भेटीला मारत नाही, जगवते. नोंद नसेल तर परतफेड चुकते आणि संबंध तुटतो. दिवाळीला नोकरचाकरांना द्यावयाची 'पोस्त' ही तर देणारा आणि घेणारा दोघांच्याही मनात वर्षभर लिहिलेलीच असते. तेव्हा नोंदीने भेट मरते की नाही याचे उत्तर, ती नोंद कोणाच्या वहीत होते आणि ती वही कोण तपासतो, यावर अवलंबून आहे. अहेराची यादी घरातले वाचतात. दरबारखर्चाची बाब हुजुरातला तपासनीस वाचतो. पहिलीचा वाचक स्वतः देवघेवीत सामील असतो. दुसरीचा वाचकही बहुधा असे, हीच एल्फिन्स्टनची खरी तक्रार होती.

ही अहेराच्या यादीची दृष्टी मोगल दरबारात बादशाहीच्या प्रमाणावर दिसते. जहांगिराचे आत्मकथन वाचणाऱ्याला त्यातील पेशकशींच्या नोंदी कंटाळवाण्या वाटण्याचा संभव आहे. अमुक सरदाराने इतक्या रुपयांची जवाहिरे, हत्ती, कापड पेश केले. त्यांतले इतक्या किमतीचे ठेवून घेतले, बाकीचे परत दिले. आत्मचरित्र आणि जमाखर्च या दोन प्रकारांची सरहद्द तेथे पुसली गेली आहे. किंमत लिहिण्यात बादशहाला काही संकोच नाही, कारण किंमत हा संबंधाचा अपमान नसून त्याचे माप आहे. १६१६ च्या आरंभी अजमेरला या दरबारात उपस्थित झालेल्या सर टॉमस रो याच्या दैनंदिनीशी हे आत्मकथन ताडून पाहण्यासारखे आहे. रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील खरा, पण त्याचा खर्च ईस्ट इंडिया कंपनी करत होती. म्हणजे त्याने आणलेल्या भेटी एका व्यापारी संस्थेच्या वहीत पडणार होत्या. त्या हलक्या असल्याबद्दल तो पुन्हा पुन्हा कुरकुरतो. एवढ्या कमी किमतीच्या वस्तू पाठवणारा इंग्लंडचा राजा मोठा आहे काय, असे बादशहाने एका जेझुइट पाद्र्याला विचारल्याची नोंद त्यानेच केली आहे. भेटीदाखल आणलेल्या बग्गीचे अस्तर काढून तेथे अधिक मूल्यवान कापड बसवले गेले, हेही तो लिहितो. रोच्या दैनंदिनीत दरबार सतत आहे. जहांगिराच्या आत्मकथनात मात्र रोचा उल्लेखही नाही. ज्याची पेशकश नोंदण्याजोगी नव्हती तो मनुष्यही नोंदला गेला नाही.

कंपनीच्या वखारींच्या खतावण्यांत जकात, पगार, भोजनखर्च यांच्या जोडीला भेटींचे स्वतंत्र खाते असे. स्थानिक सत्ताधीश, त्यांचे कारभारी, बंदरावरचे अधिकारी यांना दिलेल्या वस्तू त्या खात्यावर खर्ची पडत. १६७४ च्या जून महिन्यात हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आला, तेव्हाही कंपनीच्या दृष्टीने तो तहाच्या वाटाघाटीचा खर्च होता. निराजीपंतांच्या मध्यस्थीने महाराजांना, युवराजांना आणि प्रधानांना द्यावयाच्या वस्तू ठरल्या, आणि इंग्रजी कागदांत त्या वस्तूंपुढे त्यांच्या किमती आहेत. कोणत्या प्रधानाला किती, याची ती उतरंड राज्यव्यवस्थेच्या एखाद्या वर्णनापेक्षा कमी बोलकी नाही. कंपनीचा लेखनिक भेटीच्या रकान्यातून मराठी दरबारातील अधिकारांचा क्रम वाचत होता.

मात्र या खतावण्यांत एक बाजू कोरी होती. कंपनीने दिलेल्या भेटीला खाते होते. कंपनीच्या माणसांना मिळालेल्या भेटीला नव्हते. व्यापारी संस्थेचा पैसा बाहेर गेला की तो खर्च. तिच्या नोकराच्या हाती काही आले तर तो त्याचा खासगी लाभ. कंपनी केवळ व्यापार करत होती तोवर ही विषमता खपून गेली, कारण वखारीतल्या गुमास्त्याला मोठी भेट देण्याचे कोणाला कारण नव्हते. १७५७ च्या पलाशीनंतर ते कारण निर्माण झाले. १७७३ साली पार्लमेंटच्या समितीने १७५७ ते १७६६ या काळात बंगालच्या नवाबांनी व अन्य देशी लोकांनी वाटलेल्या भेटींची जी बेरीज मांडली ती २१,६९,६६५ पौंड आहे. रॉबर्ट क्लाइव्हची जहागीर तीत धरलेली नाही. मीर जाफरकडून क्लाइव्हला मिळालेली रक्कम २,३४,००० पौंडांची सांगितली जाते. ही बेरीज कंपनीच्या कोणत्याही खतावणीत नव्हती. ती साक्षीपुराव्यांतून बाहेरून जुळवावी लागली, हा तिचा सर्वांत महत्त्वाचा गुण.

लंडनच्या संचालकांनी १७६४ मध्येच नोकरांकडून करारनामे लिहून घेण्याचा हुकूम काढला होता. चार हजार रुपयांवरील भेट कंपनीच्या स्वाधीन करावी, एक हजारावरील भेट कौन्सिलच्या संमतीवाचून घेऊ नये, असे त्यात होते. ते करारनामे १७६५ च्या जानेवारीत कलकत्त्यास पोहोचले. फेब्रुवारीत मीर जाफर वारला. आणि कौन्सिलच्या सभासदांनी करारनाम्यांवर सह्या करण्याआधी नव्या नवाबाकडून भेटी घेतल्या. येथे प्रथमच भेटीला किमतीची मर्यादा लागली. हजारापर्यंत सौजन्य, त्यापुढे संमती, चार हजारांपुढे कंपनीची मालमत्ता : एकाच कृतीचे अंकांनी तीन अर्थ केले. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने, १ ऑगस्ट १७७४ पासून, मुलकी वा लष्करी अधिकार असलेल्यांना भेटी घेण्याची बंदी केली. वकील, वैद्य, शस्त्रवैद्य आणि धर्मोपदेशक यांच्या व्यवसायातील मोबदल्याचा तेवढा अपवाद ठेवला.

या बंदीनंतर भेटी थांबल्या नाहीत. त्यांना हिशेबात दुसरी नावे मिळाली. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रकरणाचे वाङ्मयीन आकर्षण एडमंड बर्कच्या वक्तृत्वामुळे आजवर टिकले आहे. परंतु बर्कच्या भाषणांत जो भाग श्रोत्यांना बहुधा सर्वांत रूक्ष वाटला असेल तो, म्हणजे भेटींच्या हिशेबाचा, येथे अधिक उपयोगाचा आहे.

१७७२ मध्ये हेस्टिंग्ज मुर्शिदाबादला गेला. त्या मुक्कामात मीर जाफरची विधवा मुन्नी बेगम, जिला त्याने अल्पवयीन नवाबाची पालक नेमले होते, हिच्याकडून दीड लाख रुपये त्याला मिळाले. रोजचे दोन हजार असा तो दर, आणि नाव 'जियाफत' म्हणजे मेजवानीचा खर्च. १७७५ मध्ये नंदकुमाराने आरोप केल्यानंतर कौन्सिलच्या बहुमताने चौकशीसाठी माणूस पाठवला, तेव्हा ही रक्कम सापडली ती बेगमेकडच्या हिशेबात. देणाऱ्याच्या वहीत जी होती ती घेणाऱ्याच्या वहीत नव्हती. हेस्टिंग्जने रक्कम नाकारली नाही. ती देशरिवाजाप्रमाणे होती, कायद्यापूर्वीची होती, आणि ती घेतली नसती तर तेवढा खर्च कंपनीवर पडला असता, असा त्याचा बचाव होता. बर्कला हा भाषांतराचा खेळ वाटला. 'जियाफत' या शब्दाचे इंग्रजीत 'एंटरटेन्मेंट' केले की ती कृती निरुपद्रवी भासते, आणि रोजचे दोन हजार हा आकडा सांगितला की ती पुन्हा लाच भासते. दोन्ही वाचने त्या एकाच ओळीतून निघतात. मात्र नंदकुमार ५ ऑगस्ट १७७५ रोजी जुन्या खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फासावर गेला, हे विसरून ही चर्चा करता येत नाही. भेटीची यादी उघड करणाऱ्याला दस्तऐवजाच्या खरेखोटेपणावरच प्राण द्यावे लागले.

१७८० च्या उन्हाळ्यात प्रकरणाचा मराठ्यांशी थेट संबंध येतो. महादजी शिंद्यांच्या विरुद्ध माळव्याकडे कॅमॅकच्या हाताखाली फौज पाठवण्याला कौन्सिलमध्ये खर्चाच्या कारणाने विरोध होता. हेस्टिंग्जने दोन लाखांपर्यंतचा खर्च आपण स्वतः सोसू असे सांगून तो मोडून काढला. पुढे नोव्हेंबरात संचालकांना लिहिताना त्याने कबूल केले, की तो पैसा त्याचा नव्हता. तो बनारसच्या चैतसिंगाकडून आलेला होता, आणि पुढच्याच वर्षी याच चैतसिंगाला हेस्टिंग्जच्या मागण्यांपायी राज्य गमवावे लागले. म्हणजे एका अंकित राजाने कृपा टिकावी म्हणून दिलेली भेट गव्हर्नर जनरलच्या उदारतेच्या नावाने कौन्सिलच्या कागदात लिहिली गेली आणि मराठ्यांविरुद्धच्या लष्करी खर्चात जिरली. पुण्याच्या दफ्तरात अशा रकमेला एक रूक्ष सदर मिळाले असते. कलकत्त्याला तिला वक्तृत्व मिळाले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील रोखे याहून विलक्षण आहेत. हाती आलेल्या भेटींपैकी काही रक्कम हेस्टिंग्जने कंपनीच्या खजिन्यात भरली, पण ती आपण कंपनीला दिलेले कर्ज म्हणून. आणि तिच्यापोटी व्याजाचे रोखे घेतले. भेट प्रथम खासगी मालमत्ता झाली आणि मग तीच कंपनीचे देणे होऊन तिच्या खतावणीत शिरली. आपण हे रोखे स्वतःसाठी वापरणार नव्हतो, असे त्याने पुढे सांगितले. १७८२ च्या मे महिन्यातील त्याचे स्पष्टीकरणाचे पत्र उशिरा रवाना झाले, आणि त्या उशिराचा खुलासा करण्यासाठी हिशेबनीस विल्यम लार्किन्स याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागले. कोणती रक्कम कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यात, याचा उलगडा लार्किन्सच्या १७८६ च्या पत्रापर्यंत लांबला, आणि तरीही तो पुरा झाला असे म्हणवत नाही. फार्सी मुनशी, बंगाली बनिया कांताबाबू आणि इंग्रज हिशेबनीस यांच्यात हिशेबाचे धागे वाटले गेले होते. सगळे धागे कोणाच्याच हाती नव्हते, ही त्या रचनेची सोय होती.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला थांबवणारी नोंद मात्र १७८४ ची आहे. हेस्टिंग्जने राजा नवकृष्ण याच्याकडून तीन लाख रुपये कर्जाऊ मागितले. नवकृष्णाने ते भेट म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. हेस्टिंग्जने त्यांचा विनियोग सुचवला तो असा, की आजवर आपण कंपनीसाठी पदरचा जो किरकोळ खर्च केला तो यातून वळता करून घ्यावा. त्या खर्चाच्या यादीत हिंदू धर्मशास्त्राची संहिता तयार करणाऱ्या पंडितांचा खर्च आहे, मुसलमानी कायद्याच्या भाषांतराचा आहे, आणि कलकत्त्याच्या मदरशाचाही आहे. पंडितांची ती संहिता म्हणजे नॅथॅनिएल हॅलहेडने इंग्रजीत आणलेला, १७७६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. प्राच्यविद्येच्या इतिहासात त्याला आरंभाचे स्थान दिले जाते, आणि ज्ञान व सत्ता यांच्या संबंधाविषयी त्याच्या आधारे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या संबंधाचा जमाखर्चही उपलब्ध आहे : आठ वर्षांमागच्या भाषांतराचे बिल, एका बंगाली धनिकाच्या कर्जातून झालेल्या भेटीवर टाकलेले. हेस्टिंग्जचा विद्याप्रेमी म्हणून जो गौरव केला जातो तो खोटा नाही. पण तो किती बाजूंनी वसूल झाला हे या बिलावरून कळते.

अभियोग १३ फेब्रुवारी १७८८ रोजी सुरू झाला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. भेटींचे कलमही सिद्ध झाले नाही. लबाडी सिद्ध करण्यासाठी हेतू दाखवावा लागतो, आणि कर्ज, रोखा, मेजवानी, प्रतिपूर्ती या प्रत्येक नावाला एक संभवनीय निर्मळ हेतू चिकटलेला होता.

आता एल्फिन्स्टनच्या अहवालाकडे परत वळले तर एक विषमता उघड होते. त्याला मराठी राज्यव्यवस्थेतील लाचखोरीचे इतके नेमके वर्णन करता आले, कारण तिचे सदर दफ्तरात होते. रकमा ठरलेल्या, तपासलेल्या, वर्षावर्षाला लिहिलेल्या. त्या आधारे एक राज्यपद्धती भ्रष्ट ठरली. कलकत्त्याच्या खतावणीत असे सदर नव्हते, म्हणून तेथे भ्रष्टाचार एका व्यक्तीवरचा आरोप राहिला, आणि ती व्यक्ती सुटल्यावर तो आरोपही विरला. मराठी कारकुनाने आपल्या धन्यांना जे लिहून दाखवले तेच धनी बदलल्यावर त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाले. दप्तरखान्यातील प्रमाण हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. ज्यांना सगळे लिहिण्याची सवय त्यांचे दोष सविस्तर, आणि ज्यांना नावे बदलण्याची सवय त्यांचे दोष वादग्रस्त.

याचा अर्थ अंतस्थ हा निरुपद्रवी व्यवहार होता असा मुळीच नाही, आणि देशी पद्धतीचे मंडन करण्याच्या उत्साहात काही अभ्यासकांनी नजर-खिलतीच्या सांकेतिक अर्थावर जो भर दिला आहे तो येथे अपुरा पडतो. बर्नार्ड कोहन याने १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजांनी नजर आणि खिलत यांचा अर्थ चुकीचा लावला, संबंधाच्या खुणेला त्यांनी देवघेवीचा सौदा मानले, असे दाखवून दिले. दरबारापुरते ते पटण्यासारखे आहे. परंतु दरबारखर्चाची रक्कम दरबारात जन्मत नव्हती. ती गावात वसूल होत होती, आणि ज्या कुणब्याने ती भरली त्याला कोणत्याही पोशाखाचा, शिरपावाचा वा विड्याचा मान नव्हता. भेटीच्या संकेतव्यवस्थेत तो सामीलच नव्हता. तिचा भार तेवढा त्याच्याकडे होता. हेस्टिंग्जच्या रोख्यांबाबतही हाच प्रश्न विचारला पाहिजे, की चैतसिंगाचे दोन लाख बनारसच्या कोणत्या शेतांतून आले. त्याचे उत्तर ना बर्कच्या भाषणात मिळते, ना लार्किन्सच्या पत्रात.

इंग्रजी राजवटीने भेटीवर शेवटी जो उपाय काढला तो बंदीचा नव्हता, बरोबरी साधण्याचा होता. अधिकाऱ्याला मिळालेली वस्तू तोशाखान्यात जमा करायची, तिची किंमत लावायची, आणि परतभेट त्याच खात्यातून, शक्य तो त्याच किमतीची द्यायची. दोन्ही बाजू जुळल्या की खाते मिटले. अहेराच्या यादीत खाते मिटणे हे अशुभ असते, कारण संबंध उरलेल्या बाकीवर चालतो. १८४३ मध्ये लॉर्ड एलेनबरोने दिल्लीच्या बादशहाला इंग्रज अधिकाऱ्यांनी नजर करण्याची प्रथा बंद केली, तेव्हा याच विचाराची परिसीमा झाली. आपल्या अधिकाऱ्यांनी बहादूरशहापुढे मोहरा धरल्या याचा त्याला धक्का बसला. मागील दहा वर्षांत किती नजराणे झाले त्यांचा हिशेब काढून तेवढी भर बादशहाच्या तनख्यात घालावी, असे ठरले. हिशेबाच्या दृष्टीने बादशहाचे काहीच नुकसान नव्हते.

दख्खनमध्ये कंपनी सरकारने दरबारखर्च रद्द केला, मामलेदारांना पगार ठरवून दिले. या व्यवस्थेला सत्तर वर्षे होत असताना, १८८८ मध्ये, मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर लाचखोरीचा आरोप आला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमुळे ज्याचे नाव परिचित आहे तोच हा गृहस्थ. नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी मामलेदारांनी त्याला मध्यस्थामार्फत पैसे दिले, असे आरोपाचे स्वरूप होते. एल्फिन्स्टनने ज्या अधिकाऱ्याचे वर्णन केले त्याच नावाचा अधिकारी, त्याच मुलखात, पुन्हा वरच्याला देत होता. फरक एवढाच, की आता त्या रकमेला सरकारी वहीत सदर नव्हते. पुरावा मिळावा म्हणून मुंबई सरकारने कबुली देणाऱ्या मामलेदारांना अभय दिले. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असा निर्णय दिला. हाताखालच्या माणसांकडून कर्जे घेतल्याचे मात्र सिद्ध मानले. शतकापूर्वी कलकत्त्याला जे नाव कामी आले होते तेच पुण्याला आले : कर्ज. मध्यस्थ हणमंतरावाला शिक्षा झाली, क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले.

मामलेदारांचा प्रश्न त्यानंतर चिघळला. ज्यांनी दिल्याचे शपथेवर सांगितले त्यांना न्यायदानाचे काम करू द्यावे काय, असा आक्षेप निघाला, आणि अभयवचन असूनही त्यांतील काहींना काढून टाकण्यात आले. १८८९ मध्ये या साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी पुण्याच्या जाहीर सभेत बाळ गंगाधर टिळकांनी सरकारने दिलेला शब्द पाळावा अशी मागणी मामलेदारांच्या वतीने केली. क्रॉफर्डने पुढे पुणे आणि दख्खनमधील आपल्या दिवसांविषयी पुस्तक लिहिले, ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले.